‘तांत्रिक बिघाड’ सांगू नका, गेजवरचा आकडा दाखवा

(पोस्ट मोठी आहे. थोडं गणितही आहे, पण आठवीच्या पुस्तकापलीकडचं नाही. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा.)

तेलविहिरीत स्फोट होवो, गॅस प्लांटला आग लागो नाहीतर कुठे रिॲक्टर फुटो, पहिल्या तासाभरात एक ओळ ठरलेली असते. ‘प्राथमिक माहितीनुसार तांत्रिक बिघाडामुळे दुर्घटना.’ मग मृतांच्या वारसांना मदत, चौकशी समिती, दोन-चार जण निलंबित. आठ दिवसांनी विषय संपला. ‘तांत्रिक’ हा शब्द आला की आपण सगळे मान डोलावतो. आपल्याला त्यातलं काय कळतंय, साहेब लोक बघतील!

माझं म्हणणं असं की हा शब्द आपल्याला गप्प बसवायला फार सोयीचा आहे. निदान तेल आणि वायूच्या विहिरींबाबत तरी नक्कीच. कारण विहीर ताब्यात आहे की नाही हे ज्या हिशेबावर ठरतं तो हिशेब गुणाकार-भागाकाराचा आहे. तो तुम्हाला-मला कळू शकतो. आणि एकदा तो कळला की चौकशीत कुठला प्रश्न विचारायचा हेही कळतं.

आता कोणी म्हणेल, आपल्या जिल्ह्यात कुठे आल्या तेलविहिरी? मंडळी, आपण रायगडचे लोक. मुंबईच्या पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर मुंबई हाय आहे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ रिगने तिथे तेल शोधलं. तिथलं तेल आणि वायू समुद्राखालच्या पाइपलाइनने आपल्या उरणला येतात. आपल्याकडची कितीतरी पोरं आयटीआय, डिप्लोमा करून रिगवर चौदा दिवस ड्युटी, चौदा दिवस घरी अशी नोकरी करतात. बरीचशी ठेकेदाराच्या पगारावर. आपले मच्छीमार प्लॅटफॉर्मभोवतीच्या ५०० मीटरच्या बंदीपट्ट्याच्या कडेने जाळी टाकतात. १९८२ साली याच मुंबई हायवर ‘सागर विकास’ रिगवर विहीर हाताबाहेर गेली आणि आग लागली होती, हे आज फारसं कोणाला आठवत नाही. तेव्हा हा विषय आपलाच आहे.

आधी हिशेब समजून घेऊ

आपल्याकडे बोअर मारतात तेव्हा खाली पाणी लागतं आणि आपण ते पंपाने वर ओढतो. तेलविहिरीत बरेचदा उलटं असतं. तीन-चार किलोमीटर खालच्या दगडात तेल, वायू, खारं पाणी प्रचंड दाबाखाली कोंडलेलं असतं. भोक पडलं की ते स्वतःच वर यायला बघतं. त्याला खाली दाबून धरायला विहीर कायम एका जड द्रवाने भरलेली ठेवतात. पाणी, बेंटोनाइट माती आणि वजनासाठी बराइटची पूड असं ते मिश्रण. रिगवर त्याला सगळे ‘मड’च म्हणतात.

या मडचा दाब काढायचा साधा नियम असा. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब देतो. म्हणजे खोली मीटरमध्ये घ्या, दहाने भागा, मड पाण्याच्या किती पट जड आहे त्या आकड्याने गुणा. झालं. खोली मात्र सरळ उभी मोजायची. विहीर तिरकी गेली असेल तर पाइप किती लांब आहे हे इथे कामाचं नाही.

उदाहरण घेऊ. आकडे मी सोयीसाठी घेतलेत. विहीर ३,००० मीटर खोल, मड पाण्याच्या १.२० पट जड. ३,००० भागिले १०, गुणिले १.२०. तळाशी दाब ३६० किलो. खालच्या दगडातला दाब ३६० पेक्षा कमी आहे तोवर विहीर शांत.

आता समजा ड्रिलिंग करताना असा थर लागला की ज्यात दाब ३९० आहे. मड कमी पडला. वायू विहिरीत शिरायला लागला. याला ‘किक’ म्हणतात. रिगवर हे कसं कळतं? जितका मड खाली पंप केला त्यापेक्षा जास्त परत येतो, टाकीतली पातळी वाढते, पंप बंद केला तरी विहीर वाहत राहते. अशा वेळी ड्रिलरचं पहिलं काम एकच, बीओपी बंद करणं. बीओपी म्हणजे ब्लोआउट प्रिव्हेंटर, विहिरीच्या तोंडावर बसवलेला अवजड झडपांचा संच.

विहीर बंद झाली की दोन गेज वाचायची. एक ड्रिल पाइपच्या आतल्या दाबाचं, दुसरं पाइपच्या बाहेरच्या पोकळीतल्या दाबाचं. आतल्या गेजवर ३० दिसले तर समजायचं, ३६० अधिक ३०, म्हणजे खालचा दाब ३९०. बाहेरच्या गेजवर आकडा जास्त दिसतो, समजा ४५, कारण त्या पोकळीत हलका वायू शिरलाय आणि तेवढा मडचा स्तंभ हलका झालाय.

आता किती जड मड लागेल? ३९० भागिले ३००. उत्तर १.३०. विहीर पुन्हा ताब्यात आणायचं औषध एवढंच. १.२० चा मड १.३० करायचा आणि वायूला वाट करून देत तो सावकाश खाली भरायचा. पंप संथ चालवताना नुसत्या घर्षणाने ४० दाब लागत असेल तर सुरुवातीला पंपावर ७० ठेवायचा, ४० अधिक ३०. जड मड पाइपच्या तळाला पोचेपर्यंत तो हळूहळू ४३ वर आणायचा, म्हणजे ४० गुणिले १.३० भागिले १.२०. ही आकडेमोड छापील तक्त्यावर लिहितात. त्याला ‘किल शीट’ म्हणतात आणि त्यातला निम्मा भाग संकट येण्याआधीच, रोजच्या रोज, भरून ठेवायचा असतो.

मग कोणी विचारेल, सरळ १.५० चा मड का नाही ठोकायचा, म्हणजे चिंताच मिटली? नाही मिटत. विहिरीला वरून लोखंडी केसिंग असतं आणि केसिंग जिथे संपतं तिथला दगड सहसा सगळ्यात कच्चा. समजा तो २,००० मीटरवर आहे आणि चाचणीत १.६० च्या मडएवढा दाब सहन करतो. म्हणजे त्याची ताकद ३२० किलो. १.२० च्या मडचाच तिथे २४० दाब आहे. म्हणजे वरून आणखी फक्त ८० ची जागा उरली. त्यापुढे गेलात तर दगड फुटतो, मड जमिनीत पळतो, विहिरीतली पातळी खाली जाते आणि पुन्हा वायू आत येतो. उपचारच रोग होतो. म्हणून ड्रिलर दोन भिंतींच्या मधून चालतो. तळाशी ३९० च्या खाली यायचं नाही आणि वर ८० च्या पुढे जायचं नाही.

यात वेळ हा तिसरा शत्रू. वायू वर येताना फुगतो. तीन किलोमीटर खाली एक घागरभर असलेला वायू जमिनीवर येईपर्यंत साधारण तीनशे घागरींच्या घरात जातो. म्हणजे पाण्याचा एक छोटा टँकर. आणि हे फुगणं वाटेवर सारखं होत नाही. बराच वेळ काहीच वाटत नाही, शेवटच्या काहीशे मीटरमध्ये सगळं एकदम होतं. ‘अजून थोडं बघू’ म्हणायची सोय या कामात नाही ती म्हणूनच.

पाइप बाहेर काढतानाही तेच. पाइप जितका बाहेर आला तितकी जागा आत रिकामी होते. ती मडने भरली नाही आणि पातळी १०० मीटर खाली गेली तर १२ किलो दाब कमी झाला. हातात १० चीच शिल्लक असेल तर किक आलीच.

झालं गणित. यात न कळण्यासारखं काय आहे? रिगवर ड्रिलर, पर्यवेक्षक यांना हेच शिकवतात, परीक्षा घेतात आणि ठराविक काळाने पुन्हा पास व्हायला लावतात. जगभरात किक येतच असतात आणि बहुतेक वेळा रिगवरची माणसं त्या शांतपणे काबूत आणतात. त्याची बातमी होत नाही. त्या लोकांच्या कामाला माझा सलाम आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या भागातल्या एका निवृत्त ड्रिलर काकांशी या विषयावर बोललो. ते म्हणाले, ‘‘हे बघ, गणित चुकलं म्हणून विहीर उडाल्याचं मी फार ऐकलं नाही. आकडा दिसत होता पण कोणाला तो नको होता, असंच जास्त ऐकलं.’’

मेक्सिकोच्या आखातातले १,४००

काकांचं म्हणणं तपासायला जगातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण घेऊ. २० एप्रिल २०१०. अमेरिकेच्या लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यापासून साधारण ६५ किलोमीटरवर ‘डीपवॉटर होरायझन’ रिग उभी होती. विहिरीचं नाव माकोंडो. विहीर बीपीची, रिग ट्रान्सओशनची, सिमेंटचं काम हॅलिबर्टनचं. समुद्र सुमारे १,५०० मीटर खोल, विहिरीचा तळ ५,६०० मीटरच्या आसपास.

ड्रिलिंग संपलं होतं. तळाशी सिमेंट भरलं होतं. आता विहीर तात्पुरती बंद करून रिग दुसरीकडे न्यायची होती. काम सुमारे सहा आठवडे लांबलं होतं आणि खर्च ठरल्यापेक्षा ५ कोटी ८० लाख डॉलरहून जास्त झाला होता. सिमेंट नीट बसलंय का हे यंत्राने तपासणारी टीम रिगवर आली होती, तिला त्या दिवशी तपासणी न करताच परत पाठवलं. सात वर्षांत मोठा अपघात नाही म्हणून कौतुक करायला बडे अधिकारीही त्याच दिवशी रिगवर आले होते.

निघण्याआधी विहिरीतला जड मड काढून वरच्या सुमारे २,५५० मीटरमध्ये समुद्राचं पाणी भरायचं होतं. मड पाण्याच्या साधारण १.७० पट, समुद्राचं पाणी १.०३ पट. वर शिकलेला नियम लावा. २५५ गुणिले ०.६७. म्हणजे विहिरीवरचा सुमारे १७० किलो दाब काढून घ्यायचा. काढल्यावर खालचं सिमेंट एकट्याने टिकेल का, हे बघायला आधी एक चाचणी करतात. वरचा दाब मुद्दाम कमी करायचा, विहीर बंद करायची आणि बघत बसायचं. सिमेंट पक्कं असेल तर गेज शून्यावर राहतं. दाब चढला तर खालून काहीतरी येतंय.

संध्याकाळी चाचणी झाली. ड्रिल पाइपच्या गेजवर दाब १,४०० पीएसआय, आपल्या हिशेबात जवळजवळ ९८ किलो. त्याच विहिरीला जोडलेल्या दुसऱ्या नळीवर, किल लाइनवर, शून्य.

आता गवंडी भिंतीची पातळी कशी बघतो ते आठवा. पाणी भरलेली पारदर्शक नळी असते. एक टोक इकडे, एक टोक तिकडे. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर दिसायलाच पाहिजे, कारण नळी एकच आहे. एका टोकाला पाणी दहा फूट वर दिसलं तर कुठलाही गवंडी काम थांबवेल. नळीत काहीतरी अडकलंय की पाणी कुठून घुसतंय ते आधी शोधेल, मगच पुढची वीट लावेल.

माकोंडोवर वीट लावली गेली. ‘ब्लॅडर इफेक्ट’ नावाचं एक स्पष्टीकरण पुढे आलं, वरच्या जड मडच्या वजनामुळे पाइपमध्ये असा दाब दिसतो म्हणे. नंतरच्या चौकशीत तज्ज्ञांनी ते साफ फेटाळलं. पण त्या संध्याकाळी ते पटवून घेतलं गेलं. १,४०० चा आकडा बाजूला ठेवला, शून्याचा आकडा स्वीकारला आणि चाचणी पास झाली.

पुढचं ऐका. रात्री ९ वाजून १ मिनिटाच्या सुमारास पंप तसाच चालू असताना ड्रिल पाइपवरचा दाब १,२५० वरून १,३५० कडे सरकला. जड मड जाऊन हलकं पाणी येतंय म्हटल्यावर तो उतरायला हवा होता. ९ वाजून ८ मिनिटांनी दुसऱ्याच एका तपासणीसाठी पंप बंद केला, तरी पाच-सहा मिनिटांत दाब सुमारे २५० पीएसआयने चढला. पंप बंद असताना दाब चढतो तेव्हा तो चढवणारं दुसरं कोणीतरी खाली असतं. ९ वाजून ४९ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. रिगवर १२६ माणसं होती, ११ परत आली नाहीत. समुद्रतळावरचा बीओपीही विहीर बंद करू शकला नाही. तेल ८७ दिवस वाहत राहिलं. सरकारी अंदाज सुमारे ४९ लाख बॅरल.

इथे यंत्र बिघडण्याच्या आधी, चांगले दोन तास आधी, गेज खरं बोलत होतं. गणित कोणाला येत नव्हतं असंही नाही, रिगवर वर्षानुवर्षं काम केलेले लोक होते. पण उशीर झालेल्या, खर्च वाढलेल्या कामात थांबा म्हणणारा आकडा पाहुण्यासारखा नकोसा होतो. मग त्याचा अर्थ लावताना माणूस घाईत जो सोयीचा तो लावतो.

हे सगळे आकडे मला, एका तालुक्याच्या पत्रकाराला, मिळाले कसे? कारण अध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने जानेवारी २०११ मध्ये, म्हणजे नऊ महिन्यांत, अहवाल जगापुढे ठेवला. मिनिटामिनिटाचे दाबाचे आकडे त्या चौकशांमधून लोकांसमोर आले. २०१२ मध्ये बीपीने ११ मृत्यूंबद्दलचे फौजदारी गुन्हे कबूल केले. रिगवरच्या दोन पर्यवेक्षकांवरचे मनुष्यवधाचे आरोप मात्र २०१५ मध्ये मागे घेतले गेले. तिथेही सगळं आलबेल नाही. पण नेमकं काय झालं हे कोणापासून लपून राहिलं नाही.

आपल्या देशातलं बाघजान

आता आसामला या. तिनसुकिया जिल्हा, ऑइल इंडियाची बाघजान-५ ही वायूविहीर. शेजारी डिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान आणि मागुरी-मोटापुंग बील, बील म्हणजे पाणथळ तळं. २७ मे २०२० ला, लॉकडाऊनच्या दिवसांत, दुरुस्तीचं काम चालू असताना विहीर उसळली. तेरा दिवस वायू नुसता बाहेर पडत होता. ९ जूनला आग लागली. त्यात कंपनीचे दोन अग्निशमन कर्मचारी गेले. सप्टेंबरमध्ये तिथेच काम करताना विजेच्या धक्क्याने एक तरुण इंजिनिअर गेला. हजारो गावकरी छावण्यांत राहिले. जड द्रव भरून विहीर शेवटी थंड केली ती १५ नोव्हेंबरला. म्हणजे १७२ दिवस. त्याआधी १९९५ साली आंध्रातल्या पासर्लापुडीला ओएनजीसीची विहीर दोन महिन्यांहून जास्त जळत होती.

बाघजानला नेमकं काय चुकलं? चौकशीतून जे बाहेर आलं त्याचा गाभा असा. विहिरीच्या तोंडावरचा बीओपी काढला तेव्हा त्याच्या जागी तपासून खात्री केलेला दुसरा अडथळा नव्हता. विहिरीत सिमेंटचा प्लग टाकला होता, पण तो दाब धरतोय की नाही याची खातरजमा झाली नव्हती. नियोजन एक आणि जागेवरचं काम दुसरं असा ठपका आला.

माकोंडोशी साम्य दिसतंय का? तिथे चाचणी केली आणि निकाल नजरेआड केला. इथे चाचणी व्हायच्या आधीच झाकण काढलं. प्रश्न एकच होता. वरचा दाब काढला तर खालचं सिमेंट टिकेल का? याचं उत्तर आकड्यातच मिळतं. ‘टिकेल, काय होतंय’ हे उत्तर नव्हे.

स्लॅब टाकल्यावर सेंटरिंग किती दिवसांनी काढायचं हे आपल्याकडे शाळेतलं पोरगंही सांगेल. मुकादम दुसऱ्या दिवशी फळ्या काढायला लागला तर घरमालक त्याच्या अंगावर धावून जाईल. बाघजानच्या गावकऱ्यांना तो अधिकार नव्हता, कारण आत काय चाललंय हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

तर मग मागायचं काय?

पहिली गोष्ट. अपघाताच्या चौकशीत दाबाची नोंद लोकांसमोर आली पाहिजे. कुठल्या वेळी कुठल्या गेजवर किती दाब होता, अपेक्षा किती होती, तो आकडा कोणी पाहिला, कोणी ‘चालू ठेवा’ म्हटलं. हे चार रकाने. आजच्या रिगवर या नोंदी आपोआप होतात, त्यासाठी वेगळा खर्च नाही. कंपनीचं व्यापारी गुपित म्हणून भूगर्भाची माहिती झाकायची असेल तर झाका. माणसं मेली त्या दिवसाचा दाब हे गुपित असू शकत नाही. आणि ती नोंद त्या भागातल्या भाषेत द्या. आसामात असमियात, उरणला मराठीत.

दुसरी गोष्ट. काम थांबवायचा अधिकार. कागदावर तो जवळपास सगळीकडे सगळ्यांना असतो, ‘स्टॉप वर्क’ म्हणून भिंतीवर बोर्डही लावतात. प्रत्यक्षात ठेकेदाराचा पंचवीस वर्षांचा पोरगा, ज्याचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय, तो साहेबाला म्हणेल का, ‘साहेब, आकडा जुळत नाही, थांबा’? रिगचं एका दिवसाचं भाडं त्याच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढं. म्हणून अधिकारासोबत संरक्षण लागतं. ज्याने काम थांबवलं त्याचं नाव ठेकेदाराला परस्पर कमी करता येऊ नये आणि थांबवणं चुकीचं निघालं तरी त्याला झळ लागू नये. दहा वेळा उगाच थांबलेलं काम एका बाघजानपेक्षा स्वस्तच आहे.

तिसरी गोष्ट, आणि मला ही सगळ्यात मोठी वाटते. देखरेख कोणाची? अमेरिकेत २०१० पर्यंत समुद्रातले तेलाचे पट्टे देऊन महसूल गोळा करणारं आणि तिथली सुरक्षा बघणारं खातं एकच होतं. माकोंडोनंतर त्यांनी ते तोडून वेगवेगळं केलं. ब्रिटनने तर १९८८ च्या पायपर अल्फा दुर्घटनेनंतर, ज्यात १६७ माणसं गेली, समुद्रातली सुरक्षा ऊर्जा खात्याकडून काढून स्वतंत्र यंत्रणेकडे दिली. आपल्याकडे जमिनीवरच्या विहिरी खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे आहेत, ते कामगार मंत्रालयाखाली येतं, ते ठीक. पण समुद्रातल्या, म्हणजे आपल्या दारातल्या मुंबई हायच्या, सुरक्षेची जबाबदारी ओआयएसडीकडे आहे. ती यंत्रणा पेट्रोलियम मंत्रालयाखाली. ज्या मंत्रालयाला उत्पादन वाढवून दाखवायचंय त्याच मंत्रालयाखाली थांबा म्हणणारा माणूस बसलाय. तिथले अधिकारी वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. रचना वाईट आहे असं म्हणतो. घरचाच पंच घेऊन कबड्डीचा सामनाही आपण खेळत नाही.

यावर येणारे दोन आक्षेप

एक, ‘लोकांना आकडे दिले तर ते घाबरतील, अर्धवट अर्थ काढतील, आंदोलनं होतील.’ होऊ शकतं. पण आकडे दिले नाहीत तर लोक अफवांवरून अर्थ काढतात. ३६०, ३९० आणि १.३० हे तुम्हाला आत्ता दहा मिनिटांत कळलं ना? मग गावच्या सभेत अर्ध्या तासात का कळणार नाही? धरणाच्या पाणीपातळीचे आकडे पावसाळ्यात रोज पेपरात छापून येतात. कोणी धरण फोडायला गेलं का? उलट पातळी बघून नदीकाठची माणसं गुरं-ढोरं वेळेत हलवतात.

दोन, ‘देशाला तेल पाहिजे, निम्म्याहून कितीतरी जास्त आपण बाहेरून आणतो, रोज अडवणूक केली तर विहिरी कशा खोदणार?’ मुद्दा खरा आहे. मी विहिरी खोदू नका म्हणत नाही. माझ्या गाडीतही पेट्रोलच लागतं आणि आपल्या पोरांची घरं या नोकऱ्यांवर चालतात. पण बघा, माकोंडोला काही तास वाचवायच्या नादात बीपीला दंड, भरपाई आणि सफाईपोटी अब्जावधी डॉलर मोजावे लागले. बाघजानला जो वायू १७२ दिवसांत वाया गेला आणि जळाला, तो देशाचाच होता. सिमेंट सुकेपर्यंत थांबणं हा देशविरोधी विचार कसा काय?

आणि शेवटचं

आपल्यापैकी ज्यांचा मुलगा, भाऊ, जावई रिगवर आहे त्यांना माझी एक विनंती. तो सुट्टीवर आला की त्याला विचारा, ‘तुमच्याकडे गेजवरचा आकडा जुळला नाही तर काम थांबवायचं कोणी? आणि शेवटचं कधी थांबवलं होतं?’ त्याने पटकन नाव सांगितलं, प्रसंग सांगितला, तर ती रिग बरी चाललीये असं समजा. तो हसला आणि विषय बदलला तर ते लक्षात ठेवा. नाव न सांगता मला कळवलंत तरी चालेल, इनबॉक्स उघडा आहे.

आणि पुढच्या वेळी, देव न करो, कुठे काही झालं आणि टीव्हीवर ‘तांत्रिक बिघाड’ची पट्टी फिरायला लागली, तर लोकप्रतिनिधींना एकच प्रश्न विचारा. आमदार असोत, खासदार असोत की पालकमंत्री. ‘साहेब, बिघाड राहू द्या. गेजवर आकडा किती होता, आणि तो बघून काम चालू ठेवा असं कोण म्हणालं?’

उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. पटलं असेल तर पोस्ट पुढे पाठवा. पटलं नसेल तर कॉमेंटमध्ये सांगा, विशेषतः या क्षेत्रातल्या लोकांनी. चर्चा करू.